खालतं गेलेली गाडी

पाण्याखाली आपली आपण फिरणारी यंत्रं बनवायची आणि ती काय ऐकतात ते तपासायचं, हे माझं काम. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत मी ते करते. भंडारा जिल्ह्यात हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या आईकडे. समुद्र इथून कुठल्याही दिशेला निघा, लांबच आहे. पवनीत आमच्या घरी हातमाग होता. वडील विणायचे, आई सूत भरायची, आणि आमच्या सात पिढ्यांत कोणाला समुद्राचं काम पडलं नव्हतं. शेजारच्या बाया विचारतात तेव्हा माय एका वाक्यात उरकते, "ते पान्यात गाड्या चालवते." त्यात चूक काही नाही. आम्हीही आपसात तिला गाडीच म्हणतो.

ही गाडी म्हणजे माणसाएवढी लांब पिवळी नळी. पुढे ऐकायचं आणि बोलायचं सामान, मध्ये बॅटऱ्या, मागे पंखा. पाण्याखाली रेडिओ चालत नाही, मोबाइल चालत नाही, दिसतंही फारसं नाही. तिथं आवाजावर भागवावं लागतं. म्हणून गाडीत एक पिंगर असतो. तो थोड्या थोड्या वेळाने टक् असा आवाज काढतो, आणि आम्ही पाण्यात सोडलेल्या मायक्रोफोनवर तो ऐकून गाडी कुठे आहे ते ठरवतो. पाण्यातल्या त्या मायक्रोफोनला हायड्रोफोन म्हणतात. पिंगर ऐकू येतोय तोवर काळजी नसते.

आमच्या त्या गाडीला हिवाळ्यात जहाजावरून खोल समुद्रात सोडायचं होतं. जहाजावर जागा मिळणं सोपं नाही. आमच्या मागे दुसरा गट तयारच होता. त्याआधी तिला एखाद्या मोठ्या शांत पाण्यात चालवून बघणं भाग होतं. संस्थेच्या सिमेंटच्या हौदात प्रत्येक आवाज भिंतीवर आपटून परत येतो, आणि बंदरात बोटींच्या इंजिनांपुढे काही ऐकू येत नाही. मी म्हटलं, आसगावकडे एक जुना तलाव आहे, मोठा आहे, खोल आहे, आणि त्यावर एकही इंजिन नाही. आमच्या प्रमुखांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "तिथं राहायचं कुठं?" मी म्हटलं, "माझ्या आईकडे." परवानगी मिळाली.

माझ्याबरोबर एक सहकारी होता. दक्षिणेकडचा, वयाने माझ्याएवढाच, मराठी अजिबात न येणारा आणि हिंदी जपून वापरणारा. गाडीचं शरीर त्याचं, कान माझे, अशी आमची वाटणी. नळीच्या दोन्ही टोकांची झाकणं, त्यातल्या रबरी रिंगा, पाणी आत शिरू नये म्हणून जे जे करावं लागतं ते सगळं तो स्वतःच्या हाताने करायचा आणि दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. त्याची नेमणूक करारावर होती. ही गाडी समुद्रात चालली तर करार पुढे जाणार, नाही तर त्याला गावी परत जाऊन पोटापाण्याचं दुसरं काही बघावं लागणार. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं.

तलावात मासेमारी करणाऱ्या ढीवर मंडळींची सोसायटी होती. त्यांच्यातल्या एका भाऊंनी आमची जबाबदारी घेतली. पन्नाशीचे, बोलायला मोकळे. पहिल्याच दिवशी त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"बाई, हे मासे दाखवते काय?"

"मासे आहेत एवढं कळेल. रोहू की कतला, ते नाही कळणार."

"आहेत ते मलेबी मालूम आहे," भाऊ म्हणाले. "कोठी आहेत ते सांगन तर बोला."

मी त्यांना एकच अट घातली. पंख्यात जाळं अडकलं तर गाडी तिथंच संपली, म्हणून आमचं काम चालेल तेवढे दिवस तलावातली सगळी जाळी काढा. भाऊंचं तोंड जरा वाकडं झालं. "सगळी?" त्यांनी विचारलं. "सगळी," मी म्हटलं. त्यांनी काढली.

परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. तलाव काठोकाठ भरलेला. एका टोकाला, जिथून जास्तीचं पाणी बाहेर पडतं त्या सलंगावरून पाण्याची चादर वाहत होती. तलावाच्या बांधाला इकडे पार म्हणतात. पारेवर आंब्याची जुनी झाडं, पारेच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, लोंब्या भरत आलेली. आम्ही आंब्याखाली टेबल मांडलं, जनरेटर दूर ठेवला आणि हायड्रोफोन पाण्यात सोडला.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. सकाळी तलाव इतका गप्प असायचा की काठावरच्या बैलाचं पाणी पिणं ऐकू यायचं. ऊन चढलं की मात्र हेडफोनमध्ये बारीक तडतड सुरू व्हायची, कढईत मोहरी टाकल्यासारखी. सहकाऱ्याला वाटलं तारेत बिघाड आहे. त्याने सगळे जोड उघडून पुसले. तडतड तशीच. मग ढग आला आणि ती कमी झाली, ढग गेला आणि वाढली. तळाच्या शेवाळातून आणि पाणवनस्पतींतून उन्हात हवेचे बुडबुडे सुटतात, त्यांचा तो आवाज. पुस्तकात वाचलं होतं, एवढं स्पष्ट कधी ऐकलं नव्हतं. भाऊंना हेडफोन दिला. त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि काढून परत दिला. "आमी इतके दिवस याच्यावर बसून राहिलो अन् हे खालून असं बोंबलून राहिलं," ते म्हणाले. तंबाखू मळत ते आपल्या डोंग्याकडे, लाकडी होडीकडे, गेले.

मग गाडीला दोरीशिवाय सोडायचा दिवस आला. तोवर तिच्या शेपटाला पातळ दोरी बांधलेली असायची. आता ती एकटी जाणार, तलावभर आखलेल्या रेघांवर फिरणार आणि पारेशी परत येणार. समुद्रात जायची लायकी आहे की नाही ते यावरूनच ठरणार होतं.

त्या सकाळी गाडी पाण्यात उतरेपर्यंत मी थांबले. पिंगर स्वच्छ ऐकू येत होता. फेरी लांबची होती. दुसऱ्या फेरीसाठीच्या बॅटऱ्या अर्ध्याच भरलेल्या, कारण जनरेटर कुरकुर करत होता. तेव्हा सहकाऱ्याला हेडफोनशी बसवून मी त्या बॅटऱ्या घेऊन पवनीला निघाले. घरी त्या चार्जिंगला लावल्या आणि जेवायला बसले. माय समोर बसून मला वाढत होती आणि माझा सहकारी भात इतका का खातो याची चौकशी करत होती.

तेवढ्यात भाऊंचा फोन आला. मागे वारा आणि कोणीतरी ओरडत असलेलं.

"बाई, तुमची गाडी खालतं गेली! लवकर या, खालतं गेली!"

"कधी?" मी विचारलं. फोन कटला. परत लावला तर लागेना.

मी हात धुतला. माय म्हणाली, "काय झालं वं?"

"गाडी बुडाली."

"पान्यातली गाडी बुडाली?" माय म्हणाली. "मंग ते पान्यात काय करून राहिली होती?"

यावर बोलायला वेळ नव्हता. वाटेत मी प्रमुखांना फोन केला. वाईट बातमी उशिरा सांगितली की ती जास्त वाईट होते, हे मी नोकरीत शिकले आहे. गाडी तळाला गेली आहे, शोध घेतो, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "उद्या सकाळी ऑफिस उघडेपर्यंत थांबतो. तोवर काही कळलं नाही तर जहाजावरची जागा दुसऱ्या गटाला देतो. त्यांनाही तयारी करावी लागेल." त्यांचं बरोबर होतं.

तलावावर पोचले तर सहकारी टेबलाशी उभा होता, कानाला हेडफोन, चेहरा उतरलेला. भाऊ नव्हते. बाजाराला गेले होते.

"मॅडम, पिंगर बंद हो गया," तो म्हणाला. "अचानक."

"आखिरी बार कहाँ सुना?"

त्याने तलावाच्या लांबच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथं पाण्याच्या कडेने बेशरमाची दाट झुडपं होती, पलीकडचं काही दिसत नव्हतं. गाडी तिकडे वळली, टक् टक् येत राहिलं आणि मग थांबलं. परत आली नाही.

आमची गाडी पाण्यापेक्षा किंचित हलकी असते. पंखा थांबला तर ती हळूहळू आपोआप वर येते. बुडते ती एकाच कारणाने, आत पाणी शिरलं तर. आणि पाणी शिरलं की आतलं सगळं मरतं, पिंगरसकट. भाऊ म्हणतात खालतं गेली, पिंगर म्हणतो काही नाही. दोन्ही मिळून एकच अर्थ निघत होता. त्याने तो माझ्याआधी काढला होता. "सील मैंने लगाया था," तो म्हणाला. दोनदा म्हणाला.

त्याची समजूत घालण्यात मी वेळ घालवला नाही. समजूत घालून गाडी वर येत नाही. त्याच्या हातात चहाचा ग्लास दिला, दुसऱ्या हातात दोरी दिली आणि सोसायटीच्या रिकाम्या डोंग्यात बसवलं. गळाचे आकडे बांधलेली दोरी तळाशी ओढत आम्ही बेशरमाच्या बाजूचा सगळा कोपरा पिंजून काढला. आधी झाडाचा बुंधा लागला, मग एक फुटका माठ, मग कोणाची तरी चप्पल. मध्ये मध्ये थांबून मी हायड्रोफोन पाण्यात सोडायची आणि ऐकायची. बुडबुड्यांची तडतड होती. टक् नव्हतं. भाऊंचा फोन बंदच. ऊन उतरलं, तडतडही थांबली आणि तलाव पहिल्या दिवशीसारखा गप्प झाला. आम्ही घरी आलो. सहकाऱ्याने त्या दिवशी भात परत मागितला नाही, हे मायने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं.

सकाळी आम्ही पुन्हा तलावावर. आकडे पाण्यात टाकतोय तेवढ्यात पारेवरून सायकल आली. भाऊ होते.

"काय शोधून राहिले बाई?"

"गाडी, भाऊ. दुसरं काय?"

"अवो, सांगतलं ना तुमाले. खालतं गेली म्हनून."

"म्हणून तर खाली शोधतोय."

भाऊ सायकलवरून उतरले. त्यांनी आकड्यांकडे पाहिलं, चिखलाने भरलेल्या दोरीकडे पाहिलं.

"मंग पान्यात कायले शोधता?" ते म्हणाले. "मी खालतं म्हन्लं. खालतं!" आणि त्यांनी हात लांब करून पारेपलीकडे दाखवलं, धानाच्या बांध्यांकडे.

मी तशीच डोंग्यात उभी राहिले. तलावाच्या गावात वरतं म्हणजे जिकडून पाणी येतं ती बाजू आणि खालतं म्हणजे पारेपलीकडची, जिकडे पाणी जातं ती. ज्याची बांधी खालतं त्याला तलावाचं पाणी. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण माझी इतकी वर्षं जिथं गेली तिथं खाली एकच असतं, तळ. भाऊ आसगावची मराठी बोलले, मी समुद्राची ऐकली.

"सलंगावरून गेली," भाऊ सांगू लागले. "मी डोंग्यात होतो. तुमची गाडी बेशरमाच्या मांगं उथळ पान्यात उघडी पडली, पान्यासंगं सरकत सरकत निंगाली. मी वरडलो या साहेबाले. यायनं मले हात हलवून टाटा केला."

हे मी सहकाऱ्याला हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, "मुझे लगा गुड मॉर्निंग बोल रहे हैं."

"पण सलंगावर तर तुमचं जाळं असतं ना, मासे जाऊ नयेत म्हणून?" मी विचारलं.

भाऊंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तुमीच म्हन्लं सगळी काढा. काढलं. तुमच्या गाडीसंगं माहे रोहूबी गेले."

आम्ही पार उतरून सलंगाच्या नाल्याने चालू लागलो. सहकारी पुढे, जवळजवळ पळतच. चालताना माझ्या डोक्यात पिंगर होता. पिंगर गप्प झाला याचे अर्थ दोन होतात. गाडी मेली, किंवा गाडी पाण्यात नाही. दुसरा आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही. समुद्रातली गाडी पाण्याबाहेर जाणार कुठे?

नाला जिथं पसरट होऊन बांध्यांत शिरतो तिथं धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, एक बाई विळा घेऊन बसल्या होत्या. बाजूला पळसाचं झाड, आणि पळसाला दावणीच्या दोराने बांधलेली आमची गाडी. अंगावर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, टाकलेली.

"तुमची काय वो हे?" बाईंनी विचारलं.

"आमचीच."

"मंग सांभाळून ठेवा ना. माह्या धानात घुसली. शेपूट फिरवून राहिली होती, येवढं धान आडवं केलं." त्यांनी विळ्याने जागा दाखवली. "मंग थांबली. मी म्हन्लं, पानी वाढलं तर अजून खालतं जाईन, म्हनून बांधून टाकली."

"आणि तणस कशाला?"

"पिवळी दिसते लांबून. लोक तमाशा पाहाले येतीन, माहं बाकीचं धान तुडवतीन." मग त्यांनी आवाज जरा खाली केला. "पन बाई, हे जित्ती हाय काय? काल बांधली तवापासून टकटक करून राहिली. मी हात लावला नाई बाप्पा त्याच्यानंतर."

मी सहकाऱ्याला एवढंच सांगितलं, "टकटक कर रही है, बोल रही हैं." तो चिखलात गुडघ्यावर बसला आणि त्याने गाडीच्या नाकाला कान लावला. हवेत पिंगरचा आवाज अगदी बारीक येतो, घड्याळासारखा. त्याने बराच वेळ कान काढला नाही. मग मला खूण केली, मी लावला. टक्. थांबून पुन्हा टक्. आम्ही तलावभर तिला ऐकत फिरत होतो तेव्हाही ती हेच म्हणत होती, फक्त पारेच्या या बाजूला.

त्याने तिथंच झाकण उघडलं. एरवी तो चिखलाच्या जवळपासही झाकण उघडू देत नाही. आत हात घालून बोटं बाहेर काढली आणि मला दाखवली. कोरडी. बाईंनाही दाखवली. बाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण त्या म्हणाल्या, "बरं झालं."

मी प्रमुखांना फोन लावला. ते ऑफिसच्या वाटेवर होते.

"गाडी सापडली. आत थेंबभर पाणी नाही. जागा देऊ नका कोणाला."

"मग तळाला कशी गेली होती?"

"गेलीच नव्हती. शेतात गेली होती."

"कशात?"

"धानाच्या शेतात," मी म्हटलं. "सविस्तर आल्यावर सांगते."

आडवं झालेलं धान आम्ही तिघांनी जमेल तसं उभं करून पेंढ्यासारखं बांधलं. बाई देखरेख करत होत्या. सहकाऱ्याच्या गाठी त्यांना पसंत पडल्या नाहीत. त्यांनी त्या सोडून पुन्हा बांधल्या. मग चौघांनी गाडी खांद्यावर घेतली आणि पारेवर चढवली. भाऊंनी सगळ्यात आधी सलंगावर आपलं जाळं परत लावलं. त्यानंतरच त्यांनी आम्हाला गाडी पाण्यात सोडू दिली. त्या दिवशी ती आखलेल्या सगळ्या रेघा फिरून पारेशी परत आली. पाण्यातून वर येताच सहकाऱ्याने तिच्या पाठीवर थाप मारली, बैलाला मारतात तशी. ही सवय त्याला कुठे लागली ते माहीत नाही.

हिवाळ्यात जहाज निघालं. जमीन दिसेनाशी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी सोडली. ती खाली गेली, आणि थोड्या वेळाने पिंगर थांबला. सहकारी हेडफोन दाबून धरून उभा होता. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "खालतं?" त्याला येणारा मराठीतला तो एकच शब्द, आणि त्याने तो जहाजाच्या कठड्यापलीकडे बघत विचारला, दोन्ही अर्थ धरून. मी माझा हायड्रोफोन आणखी खोल सोडला. वरच्या उबदार आणि खालच्या थंड पाण्याच्या सीमेवर आवाज वाकतो, कधी कधी वर पोचतच नाही. दोर सुटत गेला, सुटत गेला, आणि टक् आलं. मग ते थांबलं नाही. दुपारी गाडी आमच्यापासून जरा दूर वर आली, पिवळी, धड, आतून कोरडी. सहकाऱ्याचा करार वाढला. ते त्याने मला सांगितलं नाही. संस्थेत कळलंच.

किनाऱ्याला रेंज आल्यावर मी मायला फोन केला.

"चालली काय तुमची गाडी?"

"चालली. खूप खोल गेली, परत आली."

"अन् खालतं नाई ना गेली? धानात?"

"इथं कुठलं धान, माय. समुद्र आहे."

ती मागे कोणाशी तरी बोलली, मग परत फोनवर आली.

"मंग समुद्राच्या खालतं कोनाच्या बांध्या हायेत?"

"कोणाच्याच नाहीत."

"कोनाच्याच नाई?" माय म्हणाली. "मंग येवढ्या पान्याचं करते काय?"